दाढीवाली मावशी आणि होडीतलं डोहाळजेवण

थांबा, सगळी कामं बाजूला ठेवा, हे आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर मी फुटेन! अर्ध्या तासापूर्वी मी लंडनजवळ हाउन्सलोत बसच्या वरच्या मजल्यावर बसून कोल्हापुरातल्या एका मुलीची ओटी भरली. हो, फोनवर. मोठ्यामोठ्यानं. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला आणि मी माझ्या स्टॉपच्या दोन स्टॉप पुढे उतरले. आता घरी आलेय, कोट अजून अंगावरच आहे, आणि टाइप करतेय. कारण हे ज्याच्यामुळे झालं त्या मावशीबद्दल मी इतकी वर्षं काहीच कसं लिहिलं नाही, तेच मला कळत नाहीये.

तर मावशी. सहा फूट उंच, काळीभोर दाढी, तालमीत कमावलेले दंड, खरं नाव संग्राम, गाव कोल्हापूर. ग्लासगोला आम्ही मास्टर्स करत होतो तेव्हा एकाच फ्लॅटमध्ये राहायचो: मी, मावशी आणि नागपूरचा केदार. 'मावशी' हे नाव केदारनं पहिल्याच आठवड्यात ठेवलं. मला ताप आला होता, आणि हा दांडगा माणूस माझ्या दाराबाहेर उभा राहून दर तासाला विचारत होता, "गौरी, पेज आणू का? मीठ घालून आणू का तूप घालून आणू?" केदार किचनमधून ओरडला, "अबे, तू पोरगा आहेस का मावशी?" संग्रामला राग यावा ना? नाही. म्हणाला, "मावशी तर मावशी. पेज आणू का ते सांग." झालं. तेव्हापासून सगळे म्हणायला लागले. मावशी आला, मावशी गेला, मावशी रागावला. नवीन माणूस बिचारा गोंधळून जायचा.

मावशीचा एक नियम होता: आधी खा, मग रड. आमच्यापैकी कुणीही रडवेलं होऊन किचनमध्ये आलं, मग ते सुपरवायझरनं झापलं म्हणून असो, घरची आठवण आली म्हणून असो की ब्रेकअप झालं म्हणून असो, तो समोर ताट ठेवायचा आणि हात वर करून थांबवायचा. "एक शब्द नको. आधी खा, मग रड. उपाशीपोटी रडलं की डोकं दुखतंय." आणि खरं सांगू? अर्ध्या वेळा खाऊन झाल्यावर रडायचं लक्षातच राहायचं नाही. उरलेल्या अर्ध्या वेळा तो शेजारी बसून भांडी पुसत पुसत सगळं ऐकून घ्यायचा. सल्ला अजिबात द्यायचा नाही. फक्त म्हणायचा, "व्हय की. वाईटच झालं हे."

पण मावशीचा खरा सीझन म्हणजे उन्हाळा. जूनमध्ये परीक्षा संपल्या, डिसर्टेशन सुरू झालं, बाकीचे देशी-विदेशी सगळे आपापल्या घरी पळाले आणि आम्ही तिकिटाला पैसे नसलेले मागे उरलो. ग्लासगोचा उन्हाळा ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. आठवडाभर करडं आकाश, आणि मग अचानक, काहीही न सांगता, ऊन! आपल्याकडे कसं नळाला पाणी आलं की सगळी चाळ बादल्या घेऊन धावते, तसा मावशी उन्हासाठी धावायचा. कॉरिडॉरभर दारं ठोकत सुटायचा. "ऊन आलंय! ऊन आलंय! उठा की रे, जाईल परत!" आम्ही लॅपटॉप, चटई, चपला, जे हातात येईल ते घेऊन पार्ककडे पळत सुटायचो. एकदा केदार अर्धी दाढी करून आला होता. दिवसभर तसाच फिरला.

आणि एअर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथल्या बीचची गोष्ट तर सांगायलाच हवी. बाकी लोक बीचवर सँडविच नेतात ना? मावशीनं रकसॅकमधून प्रेशर कुकर आणला. टॉवेलमध्ये गुंडाळलेला, आत गरम मसालेभात. ट्रेनमध्ये तो वास असा पसरला की समोरची एक आजी म्हणाली, "काय आहे ते, बाळा?" मावशीनं तिथल्या तिथे तिला कागदी बशीत भात वाढला, वर लिंबू पिळलं. बीचवर सगळे स्कॉटिश लोक शर्ट काढून पडलेले, आणि आमचा मावशी स्वेटर घालून, कान झाकून, कुकरपाशी बसलेला. नील त्याला हसत होता. नील म्हणजे इथेच जन्मलेला आमचा मित्र, त्याचे आईवडील दोघंही इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्याचं मराठी असं: "मावशी, तू पाणीत ये ना! पाणी खूप छान आहे, थंडी नाही आहे!" मावशी म्हणाला, "नीलबाळा, तुझी कातडी इथली आहे, माझी कोल्हापूरची आहे. तू पोह, मी बघतो." आणि बघत राहिला हो! सगळे बाहेर येईपर्यंत एकेकाला मोजत होता.

आता मूळ गोष्ट. आमच्या वरच्या गल्लीत, आम्ही सगळे ज्याला दादा म्हणायचो तो आणि त्याची बायको अनघावहिनी राहायचे. दादा पीएचडी करत होता. वहिनी लग्न होऊन आलेली, तेव्हा सात महिन्यांची पोटुशी. दादाची आई तो शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे बाळंतपणाला वहिनीची आई वाईहून येणार होती. सगळं ठरलं होतं. वहिनीनं आईसाठी खोलीत नवीन पडदेसुद्धा लावले होते. आणि जूनच्या शेवटी कळलं की व्हिसा नाकारला.

वहिनीनं बोलणंच टाकलं. दादा सांगायचा, दिवसभर खिडकीशी बसते, विचारलं तर "काही नको मला" म्हणते. आम्ही सगळे आपापसात कुजबुजत होतो, काय बोलायचं, कसं बोलायचं. मावशीनं काहीच विचारलं नाही. पिठलं-भाकरी केली, डबा भरला, मला म्हणाला "चल," आणि आम्ही गेलो. वहिनी म्हणाली, "संग्राम, मला भूक नाही रे." तो म्हणाला, "भूक नसली तर नसू दे. आधी खा, मग रड." वहिनीनं एक भाकरी खाल्ली. मग दुसरी. आणि मग ती जी रडली!

रडता रडता तिनं सांगितलं. ती पोटात असताना तिच्या आईचं डोहाळजेवण कृष्णेत होडीत झालं होतं. वाईला घाटावर होडी सजवून, फुलांच्या माळा लावून. आई लहानपणापासून वहिनीला सांगायची, "तुझंपण मी होडीतलंच करणार." आता आईच येणार नव्हती. "म्हणून मला काहीच नको," वहिनी म्हणाली. "घरी केक बिक कापू नका. मला बघवणार नाही."

मावशीनं हात धुतले, वहिनीकडून आईचा नंबर घेतला आणि तिच्यासमोरच वाईला फोन लावला. "काकू, मी संग्राम. अनघावहिनीच्या शेजारचा. तुमच्या लेकीचं डोहाळजेवण होडीतलंच होणार. शब्द देतो." पलीकडून काकू काहीतरी म्हणाल्या. मावशी म्हणाला, "व्हय, हाय की इथं पाणी. पाण्याला काय तोटा या देशात?"

बाहेर जिन्यात मी म्हटलं, "मावशी, अरे कुठली होडी? कुठून आणणार?" तो म्हणाला, "पार्कात तळं आहे. वल्ह्याच्या होड्या मिळतात भाड्यानं." "आणि जमलं नाही तर? पाऊस आला तर? वहिनीच नाही म्हणाली तर?" तो जिन्यातच थांबला. पहिल्यांदाच मी त्याला घाबरलेला बघितला. "गौरी, त्या बाईला मी शब्द दिलाय. ती तिकडं एकटी बसलीय. जमलंच पाहिजे."

मग काय, तयारी! मावशीनं आधी वहिनीबरोबर जाऊन मिडवाइफला विचारलं, होडीत बसलं तर चालेल का. ती म्हणाली, तळ्यात चालेल, लाइफ जॅकेट घाला, आणि होडीत उभं राहायचं नाही. मग आम्ही घरी फोन केले आणि तिथेच चुकलो, कारण प्रत्येकानं आपापल्या आईला विचारलं! माझी आई डोंबिवलीहून म्हणाली, हिरवी साडी आणि फुलांचे दागिने पाहिजेतच. केदारच्या आईनं नागपूरहून वडाभात सांगितला. मावशीच्या आईनं सांगितलं की पाच सवाष्णींनी ओटी भरायची, बाकी काही का होईना. आणि प्रत्येक आई म्हणाली, "दुसरी काय सांगते ते राहू दे, असंच करायचं असतं!" शेवटी मावशीनं सगळ्याच आयांचं सगळंच करायचं ठरवलं.

फुलं सुपरमार्केटमधली पांढरी कार्नेशन्स आणि पार्कच्या हिरवळीवरच्या डेझी. गजरे, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मावशीनं ओवलं. तालमीतल्या त्या जाड बोटांत एवढीशी सुई! साडी नीलच्या आईनं, डॉक्टरकाकूंनी, पाठवली, स्वतःच्या लग्नातली. खण काही मिळेना, म्हणून स्कॉटिश चौकड्यांचा टी-टॉवेल घेतला. "खणासारखाच आहे की," मावशी म्हणाला. "काठ तेवढा नाही."

पण पाच सवाष्णी? होत्या एकट्या डॉक्टरकाकू, आणि त्यांची नेमकी त्या शनिवारी ड्यूटी. मी सवाष्ण नाही, नील, केदार, मावशी तर पुरुष! मी म्हटलं, ते सोडून देऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चहा गाळता गाळता म्हणाला, "गौरी, आपल्या चौघांना आया आहेत ना? आणि पाचवी वहिनीची. झाल्या पाच. फोन लावायचा. त्यांनी तिकडून भरायची, आपण इकडून घालायचं. हात आपले, ओटी त्यांची."

असलं कुणाला सुचतं?

शनिवार उजाडला आणि पाऊस. साधा नाही, तिरका. मावशी खिडकीशी फुलांचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. केदार म्हणाला, "काऊन टेन्शन घेतो बे, घरीच करू." मावशी नुसता मान हलवत राहिला. वाईच्या काकूंचा फोन येऊन गेला होता, त्या सकाळीच आंघोळ करून, नवीन साडी नेसून फोनजवळ बसल्या होत्या. दुपार झाली. आणि मग, ग्लासगो ते ग्लासगोच ना, ढग फाटला! मावशी असा ओरडला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. "ऊन आलंय!"

आम्ही पळालो. वहिनीला टॅक्सीत बसवलं. ती अजूनही "कशाला रे एवढं" म्हणत होती, पण हिरव्या साडीत आणि पांढऱ्या फुलांत इतकी गोड दिसत होती की टॅक्सीवाल्यानं आरसा नीट केला. तळ्यावरचे होडीवाले आजोबा आम्हाला बघून हबकले. कुकर, परड्या, फुलं, नारळ. "पिकनिक?" त्यांनी विचारलं. केदार म्हणाला, "बेबी शॉवर." "बेबी कुठंय?" "अजून आत आहे." आजोबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मग आत जाऊन त्यांनी कोरडी घोंगडी आणली आणि वहिनीच्या जागेवर स्वतः अंथरली. पण नियम म्हणजे नियम: एका होडीत चारच माणसं, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना. तर डोळ्यांसमोर आणा, हिरवा शालू, डेझीचे बाजूबंद, आणि वरून भगभगीत नारिंगी जॅकेट! मावशीनं जॅकेटखालून पदर अलगद ओढून बाहेर काढला, म्हणाला, "ओटीपुरता पदर बाहेर पाहिजे."

नील वल्ही मारत होता, तो युनिव्हर्सिटीच्या वल्हवण्याच्या टीममधला. समोर वहिनी, बाजूला मी, आणि मावशी फोन आणि परडी घेऊन. दादा आणि केदार दुसऱ्या होडीत कॅमेरा घेऊन. केदार वल्हवत होता म्हणजे ती होडी एकाच जागी गोल गोल फिरत होती. "नागपुरात कुठं शिकणार बे वल्हवायला!" तो ओरडत होता, आणि प्रत्येक फोटोत दादाची पाठ आलीय.

तळ्याच्या मध्यावर नीलनं वल्ही थांबवली. मावशीनं आधी वहिनीला लाडू भरवला. पूर्ण संपेपर्यंत थांबला. मग फोनकार्डावरचे ते लांबलचक आकडे दाबले आणि स्पीकर लावला. पहिली त्याची आई. कोल्हापूरहून इतक्या जोरात बोलली की तळ्यातली बदकं उडाली. "लेकी, पोटभर खा, माझा पोरगा काय कमी करतोय का?" मावशीनं आईच्या नावानं तांदूळ घातले. मग माझी आई. तिनं डोहाळ्याचं गाणं म्हटलं, आवाज जरा कापरा, आणि मी हळकुंड-सुपारी घातली. केदारच्या आईचं दादाच्या होडीतून झालं. केदारनं तिथूनच फळ फेकलं ते पाण्यात पडलं, दुसरं नीट वहिनीच्या पदरात पडलं. डॉक्टरकाकू वॉर्डच्या कॉरिडॉरमधून कुजबुजत बोलल्या, "अनघा, आता दोन मिनिटं आहेत गं माझ्याकडे, सुखरूप हो." नीलनं टी-टॉवेलचा खण ठेवला आणि म्हणाला, "वहिनी, तुझा बाळ छान होईल."

पाचवा फोन वाईचा. उरला होता फक्त नारळ. मावशीनं तो दोन्ही हातांत धरला होता.

"आई," वहिनी म्हणाली. पलीकडून काकू म्हणाल्या, अगदी हळू, "अनू, पाण्याचा आवाज ऐकव गं मला."

मावशीनं नारळ माझ्या हातात दिला, पोटावर आडवा झाला आणि फोन पाण्याच्या अगदी जवळ नेला. मी त्याचा पट्टा घट्ट धरून ठेवला. नीलनं न सांगता वल्हं हळूच बुडवलं, उचललं, बुडवलं. चुबुक, चुबुक. "आला का आवाज, काकू?" मावशीनं विचारलं. "आला रे बाळा," काकू म्हणाल्या. "आमच्या कृष्णेसारखाच आहे. घाल आता नारळ. माझ्या नावानं घाल."

त्यानं नारळ वहिनीच्या पदरात ठेवला. तेवढ्यात फोनकार्डातली ती बाई मध्येच इंग्रजीत बोलली की कार्ड संपत आलंय, आणि फोन बंद झाला. वहिनी ओठ घट्ट मिटून बसली होती, आमच्यासमोर रडायचं नाही म्हणून. मावशी म्हणाला, "लाडू खाल्लाय ना? मग आता रड की."

ती रडली. मी रडले. नील रडला आणि त्याला कळेना का रडतोय. पण वहिनी रडतानाच हसत होती, महिनाभरानंतर पहिल्यांदा. काठावर आल्यावर तिनं दोनदा वडाभात घेतला. होडीवाल्या आजोबांनीसुद्धा दोनदा घेतला. मग दोन झाकलेल्या वाट्यांचा खेळ, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वहिनीनं उचललेल्या वाटीत बर्फी निघाली, सगळे ओरडले! मी दुसरी वाटी उघडून बघितली तर त्यातपण बर्फी. मावशी म्हणाला, "दुकानात बर्फीच होती. आणि काय निवडायला लावायचं तिला आता? गोड आहे ना, बास." (सप्टेंबरात मुलगा झाला.)

त्या हिवाळ्याआधीच मावशी परत गेला. आईची तब्येत, घरचं बांधकामाचं काम. लांब पल्ल्याच्या बस सुटतात त्या कोच स्टेशनवर तो शेवटपर्यंत सूचना देत होता. कुकरची रिंग बदल, केदारला सकाळी उठव, वहिनीकडे रविवारी जा. कुकर तो मला देऊन गेला. बस लागली तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की मला बघवेना. मी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातात कोंबला, मी स्वतः केलेला मसालेभात, जरा करपलेला. म्हटलं, "आधी खा, मग रड." तो खिडकीशी बसला, डबा उघडला आणि बस वळेपर्यंत खरंच खात होता. घास तोंडात, आणि दाढी ओली.

आणि आज. मी बसमध्ये, फोन वाजला, कोल्हापूरचा नंबर. "गौरी, मावशी बोलतोय. रंकाळ्यावर आहे, होडीत. बायकोचं डोहाळजेवण आहे. वहिनीचं झालं आत्ताच ग्लासगोहून, तुझा नंबर आहे. लवकर!" मी म्हटलं, "अरे पण मी बसमध्ये..." तेवढ्यात दुसराच आवाज आला. म्हातारा, हळू, आणि मी एका क्षणात ओळखला. वहिनीची आई! वाईहून खास आल्या होत्या. "गौरी, बाळा," काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही पोरांनी माझ्यासाठी हात दिले होते. आज हात माझे, ओटी तुझी. काय घालू सांग."

"नारळ," मी ओरडले. "काकू, नारळ घाला! आणि मला पाण्याचा आवाज ऐकवा!"

त्यांनी फोन खाली नेला असणार. पण पाणी बिणी काही ऐकू आलं नाही. फक्त मावशीचा आवाज येत होता, बायकोला सांगणारा, आधी खा गं, मग रड.

आता मी कोट काढते आणि कुकर लावते. तोच कुकर. पण आधी मला सांगा, घरापासून लांब, तुमच्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्हालाही अशी कुणी मावशी भेटली होती का? दाढी असो नसो. तिनं तुम्हाला काय खाऊ घातलं होतं?